कातळावरच्या घराचं गाऱ्हाणं

आमच्या गावाला ‘होय महाराजा’ म्हणायची सवय फार. देवळात, शेताच्या बांधावर, नव्या होडीच्या टोकापाशी, कुठेही चांगलं काम सुरू व्हायचं म्हटलं की आधी गाऱ्हाणं. म्हणजे गावाच्या वतीने एकाने देवाशी मोठ्याने बोलायचं, काय केलं, काय हवं, काय चुकलंमाकलं ते सगळं त्याच्या कानावर घालायचं, आणि त्याचं वाक्य संपलं की जमलेल्यांनी एका सुरात ‘होय महाराजा!’ म्हणायचं. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. माझे बाबा घालायचे. आवाज असा की कातळावर उभे राहून बोलले तर खाली खाडीतला होडीवाला मान वर करून बघेल. जो गाऱ्हाणं घालतो त्याने स्वतः ‘होय महाराजा’ म्हणायचं नसतं, त्यामुळे बाबांवर ते म्हणायची पाळी कधी आलीच नव्हती. ती सवय बाकीच्या गावाची.

आणि सवय ती केवढी! बाबा काय बोलतायत याकडे कुणाचं लक्ष असेल तर शपथ. नारळ कधी फुटतो आणि खोबरं-गूळ हातावर कधी पडतो, सगळ्यांचा जीव तिथे. एका शिमग्याला बाबा रात्रभर पालखीबरोबर नाचून आले होते, डोळे मिटत होते, आणि तशातच गाऱ्हाण्याला उभे राहिले. म्हणाले, “बा देवा महाराजा, बैलांना चांगली स्थळं मिळू देत, पोरींना पोटभर चारा मिळू दे!” अख्खा गाव छाती फुगवून ओरडला, “होय महाराजा!” मी आणि माझी आई एवढ्या दोघीच हसलो. आईने तर पदर तोंडात कोंबला. घरी आल्यावर बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “झोप लागली होती गो,” आणि पुढे म्हणाले, “देवाला कळतं कुणाला काय द्यायचा ता.”

ही सवय मी आधी सांगून ठेवते, कारण कातळावरचं घर उभं राहिलं ते चिऱ्यांवर, पण टिकलं ते या सवयीवर.

एकोणीसशे तीसच्या आगेमागेची गोष्ट. रत्नागिरी शहरापासून चालत गेलं तर सकाळची न्याहारी जिरेल एवढ्या अंतरावर आमचा गाव. माझा मोठा भाऊ, मी त्याला दादा म्हणायची, मुंबईला गिरणीत होता. संपात गिरणी बंद पडली आणि तो घरी आला तो डोक्यात एक खूळ घेऊन. मुंबईत त्याच्या चाळीशेजारी तरुण पोरांची एक खोली होती. सकाळी तिथे जोर-बैठका, संध्याकाळी वाचनाचा वर्ग, रविवारी सभा. कोण कुठल्या जातीचा ते तिथे विचारत नसत म्हणे. दादाला आमच्या गावात तसलं घर बांधायचं होतं.

“गावातल्या पोरांना पत्ते कुटायला पिंपळ आहे, सोंगं काढायला शिमगा आहे. माणूस व्हायला जागा कुठे आहे?” असं तो जेवताना म्हणायचा.

“कुणाच्या पोरांसाठी बांधणार?” आईने विचारलं.

“सगळ्यांच्या.”

“खालच्या वाडीच्या पण?”

“सगळ्यांच्या म्हणजे सगळ्यांच्या, आये.”

खालची वाडी म्हणजे गाव ज्यांना शिवून घेत नसे त्यांची वस्ती. नदीच्या खालच्या अंगाला होती, म्हणजे आमचं पाणी आधी, त्यांचं नंतर. आईने दादाच्या ताटात आमटी जरा जोरात वाढली.

जागा दिली आमच्या खोतांनी. खोत म्हणजे गावच्या जमिनीचे धनी, आम्ही सगळी त्यांची कुळं. माणूस वाईट नव्हता, पण स्वतःच्या आवाजावर त्यांचं फार प्रेम. ‘होय महाराजा’मध्ये सगळ्यात मोठा आवाज त्यांचा असायचा, आणि तो तसा नसला तर त्यांना जेवण गोड लागत नसे. त्यांनी दिलेली जागा म्हणजे निव्वळ कातळ. त्यावर गवताची काडी उगवत नव्हती. फुकटचं पुण्य मिळतंय म्हटल्यावर खोत लगेच तयार झाले.

शिमगा झाला आणि काम सुरू झालं. दादाने ठरवलं होतं की ज्याच्याकडे जे असेल ते त्याने द्यायचं. किनाऱ्यावरच्या लोकांनी एका मोडलेल्या मचव्याच्या फळ्या दिल्या, त्यांचा दरवाजा झाला. त्या दरवाजाला पुढे कितीतरी वर्षं दमट दिवसांत बांगड्याचा वास यायचा. कुणी वासे दिले, कुणी कौलं. भुई चोपायला आणि सारवायला आम्ही बायका-पोरी. आणि चिरे काढले खालच्या वाडीने. कातळाशेजारीच जांभ्या दगडाची चिरेखाण होती. तिथे त्यांचे पुरुष सकाळी पहार मारायला सुरुवात करायचे ती ऊन डोक्यावर येईपर्यंत. तो लाल धुरळा आमच्या केसांत, कानांत, भाकरीत सगळीकडे. चिरा एकाने उचलायचा, दुसऱ्याने झेलायचा, तिसऱ्याने रचायचा. त्या झेलाझेलीत कुणाचा हात कुणाला लागला हे बघायला कुणाला उसंत होती?

खालच्या वाडीतला एक तरुण या सगळ्यात पुढे होता. त्याचे वडील पलटणीत होते, त्यामुळे त्याला शाळा मिळाली होती, आणि सातवीची फायनल तो चांगल्या रीतीने पास झाला होता. शिडशिडीत, ताठ, आवाज कधी चढायचा नाही. दुपारी काम थांबलं की खाणीशेजारच्या काजूखाली तो पोरांना शिकवायचा. दादाने त्याला तशी गळच घातली होती. दोन्ही वाड्यांची पोरं काजूखाली बसायची आणि गावातलं कुणी चकार शब्द काढत नसे. उघड्यावर विटाळ वाऱ्याने उडून जातो आणि छपराखाली साचतो, असा काहीतरी आमच्या गावाचा हिशेब असावा.

मीही तिथे बसायची. परकर सोडून साडी नेसायच्या बेताला आले होते, चौथी होऊन घरात बसले होते, आणि घरात बसणं माझ्या स्वभावाला मानवत नव्हतं. राग माझ्या नाकावर. आजही आहे, विचारा कुणालाही. पहिल्या दिवशी मी गणित सोडवून पाटी त्याच्यासमोर धरली. त्याने बघितलं आणि एकच शब्द बोलला.

“पुन्हा.”

मी पुन्हा केलं. पुन्हा “पुन्हा.” मी पाटी आपटली आणि म्हटलं, “चुकलं कुठे ते तरी सांग!” तो शांतपणे म्हणाला, “ते सांगितलं तर तुला ते कायम मलाच विचारावं लागेल.” असा राग आला म्हणून सांगू! पण घरी जाऊन चुलीपुढे राखेत काटकीने तेच गणित करत बसले, आणि आलं. दुसऱ्या दिवशी पाटी बघून त्याने फक्त मान हलवली. ती मान हलली त्याचा आनंद मला अजून आठवतो.

पावसाच्या आत मी गुणाकार-भागाकार ओलांडून त्रैराशिकाला लागले. त्याने दादाला सांगितलं, “हिला फायनलला बसवूया. होईल.” आमच्या गावातली एकही मुलगी फायनलला बसली नव्हती. आईने माझ्यासाठी खेडचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. किराणा मालाचं दुकान, पहिली बायको वारलेली, आणि वय विचारलं की सगळे गप्प. मी घर डोक्यावर घेतलं. शेवटी बाबा म्हणाले, “फायनल होईपर्यंत पोरीच्या लग्नाची गोष्ट नको. नापास झाली तर मग बघू.” म्हणजे माझं सगळं त्या काजूखालच्या मास्तरवर येऊन ठेपलं. तो शिकवणार तर मी पास होणार. तो नसेल तर खेडचं दुकान, डाळ-तांदूळ आणि तो वय न सांगणारा नवरा.

आगोटीच्या आत कौलं चढली. पाऊस तोंडावर आला होता, गावात सगळीकडे घरं शाकारायची, सुकी मासळी भरून ठेवायची घाई, पण आमचं कातळावरचं घर वेळेत उभं राहिलं. लालभडक भिंती, आत ऐसपैस खोली, पुढे पडवी. दादा त्या खोलीत मध्यभागी उभा राहून उगाचच ओरडून बघत होता, आवाज कसा घुमतो ते.

आणि तिथेच माशी शिंकली. छप्पर झालं ना! काजूखाली नसलेला विटाळ छपराखाली आला.

खोत आमच्या अंगणात येऊन बसले, सुपारी कातरत म्हणाले, “घर सगळ्यांचं, यात वादच नाही. पण रीत मोडायला नको. खालच्या वाडीची पोरं पडवीत बसतील. त्यांचा तो पोरगा पडवीत बसून शिकवील. दार उघडं असलं की आतल्यांना ऐकायला येतंच.”

दादा तडकला. “काका, चिरे त्यांनी काढले! त्या भिंतींचा एकेक चिरा त्यांच्या खांद्यावरून आलाय!”

“म्हणून तर पडवी चांगली ऐसपैस ठेवायला सांगितली मी,” खोत म्हणाले. आणि त्यांना खरंच वाटत होतं की आपण मोठेपणा दाखवतोय. हेच मला सहन होईना. माणूस वाईट असता तर भांडायला तरी मजा आली असती.

दादाने निरोप खालच्या वाडीत नेला तेव्हा मी त्याच्या मागोमाग गेले. मास्तर त्याच्या अंगणात चटई विणत बसला होता. ऐकून घेतलं, चटई बाजूला ठेवली.

“काजूखाली मी कुणाच्या पडवीत नव्हतो,” तो म्हणाला. “मी बांधलेल्या घराच्या बाहेर बसून मी शिकवणार नाही. माझा चुलतभाऊ मुंबईला गोदीत आहे. पाऊस संपला, आगबोट सुरू झाली की जातो. राग नाही माझा तुझ्यावर.”

“आणि माझी फायनल?” मी ओरडले. मला माहीत आहे, त्या वेळी ते विचारणं शोभत नव्हतं. पण आलं तोंडात.

तो माझ्याकडे बघून हसला. “तुझी फायनल कुठे जात नाही. आत बसायला मिळालं तर मी पण कुठे जात नाही.” त्याची आई चुलीपाशी बसली होती. एकुलता एक मुलगा बोटीत बसणार म्हणून तिने डोळ्याला लावलेला पदर काढला नाही.

शिकवणाराच नाही म्हटल्यावर पावसाळाभर ते घर कुलपात राहिलं. काय शोभा! बांधून पूर्ण, आत कोरडं ठणठणीत, आणि गावातली पोरं पिंपळाखाली भिजत पत्ते कुटतायत. मी एकटी राखेत त्रैराशिक मांडायची, आणि उत्तर आलं तरी बरोबर की चूक ते सांगायला कुणी नव्हतं. खोतांनी जाहीर केलं की दसऱ्याला घर उघडायचं, पाटीपूजन तिथेच करायचं, आणि अर्थातच गाऱ्हाणं घालायचं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची आगबोट. मास्तरची ट्रंक भरून तयार असल्याचं दादाने सांगितलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी बाबा ओटीवर सुंभ वळत बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“उद्या गाऱ्हाण्यात काय सांगणार?”

“जा झाला ता सांगणार. नेहमीचाच.”

“मग असं सांगा. म्हणावं, देवा, खालच्या वाडीने चिरे काढले, घर उभं केलं, आणि आम्ही त्यांना पडवीत बसवलं. म्हणा! बघू गाव ‘होय महाराजा’ म्हणतो की नाही.”

“गो, जीभ आवर,” आई आतून म्हणाली.

“का आवरू? गाऱ्हाण्यात खोटं बोलायचं नसतं, हे कुणी शिकवलंय मला? यांनीच ना! उद्या हे म्हणणार, सगळी लेकरं एक झाली, सगळ्यांसाठी घर बांधलं. देवाच्या तोंडावर खोटं! आणि सगळा गाव त्या खोट्याला होय म्हणणार!”

बाबांनी मान वर केली नाही. हात मात्र थांबले. म्हणाले, “आपण खोतांची कुळं आहोत, ह्या तुला माहीत हाय ना?”

“माहीत आहे.”

“मग जा. पेज वाढ.”

मी पेज वाढली. वाढली म्हणजे ताटलीत ओतली आणि अर्धी भुईवर सांडली. सांडलेली पेज त्यांनीच पुसली, आणि ते बघून मला आणखीनच रडू आलं.

दसऱ्याच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. कातळावर पावसाळ्यातली पिवळी फुलं अजून थोडी शिल्लक होती. सगळा गाव जमला. नव्या साड्या, आपट्याची पानं, पोरांचा गलका. दरवाजासमोर एक चिरा ठेवून त्यावर नारळ. खोत धुतलेलं उपरणं घालून सगळ्यात पुढे. बायका एका बाजूला. खालच्या वाडीची माणसं खाणीच्या कडेला, दूर. दर गाऱ्हाण्याला ती अशीच दूर उभी राहायची, त्यामुळे त्यांचा ‘होय महाराजा’ आमच्या मागून जरा उशिराने यायचा, डोंगराने उत्तर द्यावं तसा. मास्तर आपल्या आईशेजारी उभा होता. कोट घातलेला. प्रवासाचा कोट, हे मला लगेच कळलं.

बाबांनी डोक्याला मुंडासं बांधलं, हात जोडले.

“बा देवा महाराजा! आज दसऱ्याचा दिवस. तुझी लेकरं ह्या कातळावर गोळा झाली हायत!”

“होय महाराजा!” आणि मागून, खाणीच्या कडेने, “होय महाराजा!”

“ही जागा खोतांनी दिली. त्यांच्या बागेला मोहोर दे, घरात पाळणा हलू दे!”

“होय महाराजा!” खोतांचा आवाज कौलांना भिडला. त्यांच्या सुनेचे दिवस भरत आले होते.

“दरवाजा दर्यावरच्या लेकरांनी दिला. त्यांची जाळी भरू देत! भुई बायकांनी सारवली. त्यांच्या हातांना यश दे!”

“होय महाराजा!”

आता गाव लयीला लागला होता. लोकांचे डोळे नारळावर खिळलेले. माझ्या शेजारची म्हातारी तर अर्धी पेंगत होती आणि तरी नेमक्या जागी ओठ हलवत होती.

“चिरे खालच्या वाडीने काढले. त्यांच्या खांद्यावर ह्या घर उभा राहिला!”

“होय महाराजा!”

“जे हात भिंतीला लागले, ते भिंतीच्या आत येतील! शिकवणारा आत बसून शिकवील, आणि दोन्ही वाड्यांची पोरं एका जाजमावर बसून शिकतील!”

“होय महाराजा!” गाव ओरडला. सगळ्यात मोठा आवाज खोतांचा.

“ह्याच्या आड जो कोण येईल, त्याला तू बघून घे!”

“होय महाराजा!!” हेसुद्धा खोतांनीच सगळ्यांच्या वर म्हटलं.

आणि मग काहीतरी चुकल्यासारखं झालं. मागून येणारं उत्तर आलं नाही. खाणीच्या कडेला एकदम शांतता. तिथली माणसं बाबांचं बोलणं ऐकत होती. अख्ख्या कातळावर तेवढीच माणसं ऐकत होती. ती शांतता पुढे सरकत सरकत आमच्यापर्यंत आली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. काय म्हणाले? कशाला होय म्हटलं आपण? पेंगणारी म्हातारी जागी झाली. मी आईचा हात इतका घट्ट धरला की तिची बांगडी पिचली.

बाबा खाणीकडे वळले. आवाज न चढवता म्हणाले, “तिथून होय का आला नाय?”

मग आला. त्या बाजूने आजवर कधी आला नव्हता असा ‘होय महाराजा’ आला. त्यात बायकांचे आवाज होते, पोरांचे होते. आमच्याकडच्या पोरांनी काही न कळता पुन्हा ओरडून साथ दिली, आणि त्या वेळी पहिल्यांदा दोन्हीकडचा आवाज एकदम झाला.

खोतांचा चेहरा चिऱ्याहून लाल. “हे काय बोललास तू?”

“जा बोललो ता तुमच्यासमोर बोललो,” बाबा म्हणाले. हात अजून जोडलेलेच. “देवाने ऐकलान. तुम्ही होय म्हटलात. माघारी घ्यायचा असेल तर तुम्ही गाऱ्हाणं घाला काका. तुम्ही सांगा देवाला, आमचं होय खोटं होतं. मी होय महाराजा म्हणतो.”

खोतांनी नारळाकडे बघितलं. देवापुढे दिलेला होकार फिरवायचा, आणि तोही ‘आड येईल त्याला बघून घे’ म्हटल्यावर? आमच्या गावात तेवढी छाती तेव्हाही कुणाची नव्हती आणि आजही नसेल. तेवढ्यात बायकांच्या बाजूने खोतीणबाईंचा आवाज आला, “अहो! घरात सुनेचे दिवस भरतायत! गप्प बसा नि नारळ फोडा तो!”

कुणीतरी खुसकन हसलं. मग आणखी कुणी. मग सगळ्या बायकाच हसायला लागल्या, आणि बायका एकदा हसल्या की पुरुषांचा राग फार वेळ उभा राहत नाही. खोतांनी उपरणं झटकलं, खाकरले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मी होय म्हटलं ते म्हटलं! माझा शब्द आहे!” नारळ एका फटक्यात फुटला. पुढच्या आठवड्यात त्यांना नातू झाला, आणि मग तर विचारूच नका. कातळावरच्या घराची ती सगळी कल्पना आपलीच, असं खोत पाहुण्यांना मरेपर्यंत सांगत होते. दादा ते ऐकून दात-ओठ खायचा. बाबा म्हणायचे, “सांगू दे रे. त्यांना वाटतंय ता बरा हाय.”

बाबांना मी पुढे कितीदा विचारलं, मुद्दाम म्हणालात ना? दर वेळी एकच उत्तर. “झोप लागली होती गो.” बैलांना स्थळं मागितली तेव्हा लागली होती, ते मी मानते. दसऱ्याच्या आदल्या रात्री मात्र आमच्या घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि त्यात बाबांची कूस बदलण्याचा आवाज सगळ्यात जास्त होता.

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, पाटीपूजनाचा पहिला वर्ग भरला. भिंतीला कंदील. खाली जाजम. दोन्ही वाड्यांची पोरं एकमेकांपासून थोडं अंतर ठेवून बसली होती, पण पाटीवर सरस्वती काढताना खडू कमी पडले आणि अंतर आपोआप मिटलं. मास्तर उंबऱ्याशी आला, वहाणा काढल्या. आत पाऊल टाकण्याआधी त्याने दाराच्या चौकटीजवळच्या चिऱ्यावर हात ठेवला, आणि मग आला. कोट काढून खुंटीला लावला. तो कोट खुंटीला लागला तेव्हा मला खात्री पटली की उद्याची बोट याच्याशिवाय जाणार. मला आनंदाने इतकं भरून आलं की सरस्वतीचे सगळे एकचे आकडे मी वाकडे काढले. त्याने पाटी बघितली आणि म्हणाला, “पुन्हा.” अहाहा! पावसाळाभर त्या शब्दासाठी कान आसुसले होते माझे.

तेवढ्यात पडवीत कुणाची तरी सावली दिसली. बाबा होते. मुंडासं काढून हातात घेतलेलं, दुसऱ्या हातात माझी जुनी, कोपरा फुटलेली पाटी. बाबांना अक्षर येत नव्हतं. अख्खं गाऱ्हाणं तोंडपाठ, पण सही म्हणजे अंगठा. ज्याला गावाच्या प्रत्येक कार्यात पहिला नारळ मिळतो तो माणूस त्या पडवीत उंबऱ्याबाहेर उभा होता. आजवर ते मास्तरला त्याच्या नुसत्या नावाने, अरे म्हणून हाक मारायचे. सगळा गावच मारायचा.

“मास्तर,” बाबा म्हणाले, “येऊ का आत?”

मास्तर उभा राहिला. डोळे भरलेले, आणि ताठपणा असा की डोळे पुसणारही नाही. असा किती वेळ जायचा? माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, “अहो मास्तर, या म्हणा की! बाबांचे गुडघे दुखतात!”

सगळी पोरं हसली. मास्तरही हसला, आणि मगच त्याने डोळे पुसले. “या,” तो म्हणाला. “या, इथे बसा.”

बाबा येऊन जाजमावर माझ्या आणि खालच्या वाडीतल्या एका पोराच्या मधे बसले. गुडघे काड्कन वाजले. मास्तरने त्यांच्या पाटीवर ‘ग’ काढून दिला. बाबा घाम फुटेपर्यंत तो गिरवत बसले, नांगर धरावा तशी पेन्सिल धरून. मग पाटी दोन्ही हातांनी उचलून मास्तरपुढे केली. मास्तरने ती कंदिलाजवळ नेली, नीट निरखून बघितली. सगळा वर्ग मास्तरच्या तोंडाकडे बघत होता, कारण पाटी बाबांची होती, आणि ‘ग’ काही केल्या ‘ग’ नव्हता.

“पुन्हा,” मास्तर म्हणाला.

बाबांनी पाटी मांडीवर घेतली, ओल्या बोटाने पुसली, आणि म्हणाले, “होय महाराजा.”